कुणबिणीचा कागद कोणाच्या बाजूने?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती संवादरूपात. धोंडीबा शंका विचारतो, जोतीराव उत्तर देतात. इतिहास आणि न्याय यांचा प्रश्न मराठीत इतक्या धारेने मांडला गेला तो दोन माणसांच्या बोलण्यातून, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यातला धोंडीबा बहुतेक वेळा शेवटी पटवून घेतो. खालच्या संवादातलं कोणीच सहजी पटवून घेणारं नाही. एक आहे आत्या, जिचं आयुष्य मोडी कागद वाचण्यात आणि लावण्यात गेलं. दुसरी तिची भाची. ती पेशवाईतल्या कुणबिणींवर प्रबंध लिहिते आहे. या कागदांतली कुणबीण म्हणजे जिची खरेदी-विक्री होते, जी बक्षीस म्हणून दिली जाते, सरकारी कोठीत किंवा सरदाराच्या वाड्यात जी राबते, ती दासी. दोन्ही आवाज मीच रचलेले आहेत, पण त्यांच्यातलं भांडण रचलेलं नाही. मानव्यविद्यांच्या कोणत्याही विभागात आज ते चालू आहे. माझा कल कुठे आहे, तेही मी मध्येच सांगेन.

आत्या: तुझं पहिलं प्रकरण वाचलं. तळमळ आहे, भाषाही आहे. पण पहिल्या पानावर निकाल देऊन टाकलायस आणि कागद आणलेस ते नवव्या पानावर.

भाची: निकाल लागलेलाच आहे, आत्या. माणूस विकणं अन्याय आहे, हे ठरवायला मी कुठला कागद शोधू?

आत्या: त्यासाठी नकोच शोधूस. पण तू लिहिलंयस की पेशव्यांचं राज्य कुणबिणींच्या श्रमावर उभं होतं. हे न्याय-अन्यायाचं विधान नाही, जमाखर्चाचं आहे. किती बायका, कोणत्या कामावर, कोणत्या वर्षांत, आणि रयतेच्या साऱ्यापुढे त्यांच्या श्रमाचं मोल किती, हे दाखवलंस तर ते टिकेल. नाहीतर वाचणाऱ्याला तुझा राग कळेल, पेशवाई कळणार नाही.

भाची: आणि राग बाजूला ठेवून लिहायचं म्हणजे कसं? दफ्तरातल्या कारकुनाने राग बाजूला ठेवूनच लिहिलं होतं. बाईचं नाव, किंमत, कोणाकडून आली, कोणाकडे दिली. त्याच्याइतकं तटस्थ कोण असणार? त्याच सुरात मी लिहिलं, तर मी इतिहासकार झाले की त्याच्याच हाताखालची कारकून?

आत्या: सूर वेगळा असू दे. नोंद तीच राहू दे.

भाची: नोंदच तर स्वच्छ नाही. बदकर्माचं उदाहरण घे. एखाद्या बाईने बदकर्म केलं म्हणून तिला सरकारात कुणबीण करून घेतली, असं कागद म्हणतो. आपले चांगले चांगले अभ्यासक आजही तसंच लिहितात, की अमुक स्त्रीने बदकर्म केल्यामुळे तिला दासी करण्यात आलं. वाक्य शांत आहे, तळटीप अचूक आहे. पण ‘केल्यामुळे’ या जागी तो अभ्यासक सरकारचा न्यायाधीश होऊन बसला. तिने काय केलं हे त्याला माहीत नाही. सरकारने काय म्हटलं एवढंच माहीत आहे.

आत्या: हे मान्य. मी पण तसं लिहिलं असेन. सरकारने तिच्यावर बदकर्माचा ठपका ठेवला आणि तिला दासी केलं, असं लिहायला हवं.

भाची: बघ, ही दुरुस्ती मला सुचली ती मी त्या बाईच्या बाजूने वाचत होते म्हणून.

आत्या: आणि ती मला पटली ती बाईची बाजू म्हणून नव्हे, पहिल्यापेक्षा खरी आहे म्हणून. उद्या पेशव्यांचा कट्टर अभिमानी आला तर त्यालाही ती नाकारता येणार नाही. न्यायबुद्धीने तुला तिथवर नेलं, चांगलं झालं. पण ती दुरुस्ती टिकते ती न्यायबुद्धीच्या जोरावर नाही.

या जागी मला दोघींच्या मध्ये यावंसं वाटतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९०४ साली समाजविज्ञानांतल्या वस्तुनिष्ठतेवर लिहिलेल्या निबंधात जवळपास हीच वाटणी केली होती. कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे हे आपली मूल्यं ठरवतात, उत्तर काय ते मात्र मूल्यांनी ठरवायचं नाही. ही वाटणी मला बरीच खरी वाटते, पण पुरेशी नाही. बदकर्माच्या उदाहरणात मूल्य प्रश्नापाशी थांबलं नाही, ते पुरावा वाचण्याच्या कृतीत शिरलं, आणि वाचन अधिक अचूक झालं. वेबरच्या वाटणीत याला जागा कुठे? उलट बाजूनेही तेच. मूल्य पुराव्यात शिरून वाचन नासवतं, याची उदाहरणं तर ढिगाने मिळतील. आत शिरलेलं मूल्य कधी दृष्टी देतं आणि कधी झापड, हे कशावरून ओळखायचं? माझ्या मते या सगळ्या वादाचं मर्म तिथे आहे.

भाची: तू सारखी ‘पुरावा’ म्हणतेस. पुरावा जमवणारे हातसुद्धा कोणाचे तरी असतात. राजवाडे घे. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’, बावीस खंड, गावोगाव पायपीट. मी नतमस्तक आहे. पण त्यांच्या प्रस्तावना वाच. सहिष्णू धर्म वेगळा, जयिष्णू महाराष्ट्रधर्म वेगळा, संतांनी समाज पंगू केला. हे कागदांतून निघालं का? हे ते घेऊनच आले होते.

आत्या: घेऊनच आले होते. पण त्यांनी कागद पूर्ण छापले, स्वतःच्या सिद्धांताला सोयीचे तेवढे तुकडे नाही छापले. म्हणून आज प्रस्तावना बाजूला ठेवून खालची पत्रं वापरता येतात. तूच वापरतेस. राजवाड्यांची विचारसरणी ज्यांना अजिबात मान्य नाही त्यांनीही वापरली. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्याची झडती नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांनी ऐन तारुण्यात घेतली. पुढे राजवाड्यांनी घेतली, त्यांची पुढच्यांनी. ही साखळी चालते कारण सगळे एका ठिकाणी बांधलेले आहेत, कागदाशी.

भाची: आणि जे कागदात नाहीत ते? पिढ्यान् पिढ्या आपण त्याच दफ्तरात मोहिमा, तह आणि वंशावळी शोधत राहिलो. कुणबिणींचे कागद शेजारच्याच रुमालात बांधलेले होते. कोणी खोटं बोललं नाही. कोणी काही जाळलं नाही. फक्त तो रुमाल सोडायचं कोणाच्या मनात आलं नाही. तुझी वस्तुनिष्ठता खोटं बोलणाऱ्याला पकडते, न विचारणाऱ्याला कसं पकडणार?

आत्या: नाही पकडत. त्यासाठी तू हवीस. पण खोटं बोलणाऱ्याला पकडणं ही किरकोळ गोष्ट आहे असं समजू नकोस. सगळाच इतिहास म्हणजे आपापला दृष्टिकोन, असं तुम्ही वर्गात शिकवता. मग लंडनला काय झालं ते आठव.

आत्या आयर्विंग खटल्याबद्दल बोलते आहे. डेबोरा लिपस्टाट या अमेरिकन प्राध्यापिकेने १९९३ साली ज्यूंचं हत्याकांड नाकारणाऱ्यांवर पुस्तक लिहिलं आणि डेव्हिड आयर्विंग या ब्रिटिश लेखकाचं नाव त्यात घेतलं. १९९६ मध्ये आयर्विंगने तिच्यावर आणि पेंग्विन प्रकाशनावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. इंग्लंडच्या कायद्यात आपलं म्हणणं खरं असल्याचं शाबीत करण्याचा बोजा प्रतिवादीवर असतो. म्हणजे आयर्विंगने इतिहास मुद्दाम वाकवला, हे लिपस्टाटच्या बाजूला सिद्ध करावं लागणार होतं. केंब्रिजचे इतिहासकार रिचर्ड एव्हन्स यांनी आपल्या सहायकांसह आयर्विंगच्या तळटीपा एकेक करून मूळ जर्मन कागदांपर्यंत नेल्या. चुका निघाल्या. चुका सगळ्यांच्याच निघतात. पण निष्काळजी माणसाच्या चुका चहूकडे पांगलेल्या असतात, आयर्विंगच्या चुका मात्र सतत हिटलरच्या फायद्याच्या बाजूला झुकत होत्या. ११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती चार्ल्स ग्रे यांनी निकाल दिला तो लिपस्टाटच्या बाजूने.

भाची: तो खटला मला पाठ आहे. आणि तो माझ्या बाजूचाही आहे. लिपस्टाट तटस्थ नव्हती. तिला त्या मेलेल्या माणसांची चाड होती, म्हणून तर ती त्या वाटेला गेली.

आत्या: चाड होती, आणि तळटीपा टिकल्या. दोन्ही. न्यायालयाने तिची चाड तपासली नाही. आयर्विंगच्या तळटीपा तपासल्या.

भाची: न्यायालयात ते ठीक. पण एक सांग, आत्या, तुला शांतपणे वाचता येतं ते कशामुळे? आपल्या घरातली कोणी त्या कागदात विकली गेलेली नाही. आपली माणसं असलीच तर लिहिणाऱ्यांत होती, विकत घेणाऱ्यांत होती.

आत्या: आणि तुझी पणजी विकली गेली होती वाटतं?

भाची: नाही. म्हणूनच मला तो प्रश्न छळतो. गोपाळ गुरूंनी २००२ साली विचारलं होतं की भारतातली समाजविज्ञानं कितपत समतावादी आहेत. सिद्धांत मांडणारे एका बाजूचे आणि त्यांना कच्चा माल पुरवणारे दुसऱ्या बाजूचे, ही ज्ञानातली वर्णव्यवस्था त्यांनी उघडी केली. त्या चौकटीत माझी जागा कुठली, हे मला ठाऊक आहे.

आत्या: त्यांना सुंदर सरुक्काईंनी उत्तर दिलं, ते वाचलंस? दोघांचं मिळून पुस्तकच झालं २०१२ मध्ये.

भाची: वाचलंय. सरुक्काई गुरूंना खोडून काढत नाहीत. एखादं जगणं हौसेने जगून बघता येतं आणि हवं तेव्हा सोडताही येतं. ज्याला सोडायची मोकळीकच नाही त्याचा अनुभव निराळा, असा बारकावा ते आणतात. मला वाटतं याहून नेमकं या विषयावर आपल्याकडे फारसं कोणी बोललेलं नाही. मी कुणबिणीबद्दल लिहिते आणि संध्याकाळी घरी येते. तिला घरी जाता येत नव्हतं.

आत्या: मग काय, लिहू नकोस?

भाची: लिहिते. पण मी कुठे उभी राहून लिहिते हे पहिल्या पानावर सांगते. माझ्या दृष्टीने तो वस्तुनिष्ठतेचाच भाग आहे. स्त्रीवादी तत्त्वज्ञ सँड्रा हार्डिंग म्हणते की निरीक्षकाची जागासुद्धा तपासाखाली घेतली तरच वस्तुनिष्ठता भक्कम होते. तू पुरावा तपासतेस, मी तपासणाऱ्यालाही तपासते.

आत्या: तपास की. माझी हरकत वेगळीच आहे. जागा सांगून मोकळं होता येतं. पहिल्या पानावर स्वतःची जात, वर्ग, लिंग लिहिलं की पुढच्या दोनशे पानांत हवं ते लिहायचा परवाना मिळाला, असं मी खूप पाहिलंय. जागा कबूल करणं ही सुरुवात झाली, त्याने पुरावा भरत नाही.

आत्याचं हे निरीक्षण मला झोंबतं, कारण ते खरं आहे. आणि इथेच मला ज्या पुस्तकाकडे वळायचं होतं ते पुढे येतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘शूद्र पूर्वी कोण होते?’. मूळ इंग्रजी पुस्तक १९४६ चं. न्यायाची एवढी निकड दुसऱ्या कोणत्या इतिहासलेखकाला असेल? तरीही प्रस्तावनेत ते इतिहासकाराचं कर्तव्य असं सांगतात: लोभ, भय, द्वेष, ममता यांपासून दूर राहून सत्याशी इमान राखणं. ब्राह्मण पंडितांची आंधळी भक्ती ते नाकारतात. पण त्याच ठिकाणी ब्राह्मणेतर अभ्यासकालाही बजावतात की त्याच्या हातून चळवळीचं राजकारण संशोधनात शिरण्याचा धोका आहे आणि ते समर्थनीय नाही. स्वतःपुरतं ते सांगतात की शुद्ध इतिहासाखेरीज दुसरा हेतू ठेवलेला नाही.

आत्या: आणि पुस्तक अर्पण कोणाला? जोतीरावांना. आता जोतीरावांची सगळी मांडणी कशावर उभी? आर्य बाहेरून आले, त्यांनी बळीच्या प्रजेला जिंकून दास केलं, मत्स्यापासून वामनापर्यंतचे अवतार म्हणजे त्या स्वाऱ्यांचे नायक. बाबासाहेब त्याच पुस्तकात आर्यवंशाच्या स्वारीचा सिद्धांत ऋग्वेदाचे दाखले देत मोडून काढतात. त्यांचा रोख पाश्चात्त्य पंडितांवर आहे, पण गुरूच्या घराचा पाया त्यात जातो, हे त्यांना कळत नव्हतं असं मला कोणी सांगू नये. गुरू मानलं, अर्पणपत्रिका लिहिली, आणि पुरावा दिसला तिकडे गेले. मला म्हणायचंय ते एवढंच आहे.

भाची: तू अर्धं सांगतेस. त्यांनी तो सिद्धांत मोडून त्या जागी काय ठेवलं? शूद्र हे मुळात क्षत्रियच, ब्राह्मणांनी त्यांचं उपनयन बंद केलं म्हणून ते खाली गेले. जेत्या-जितांच्या गोष्टीत अन्याय हा युद्धाचा परिणाम असतो, जवळजवळ निसर्गाचा. बाबासाहेबांच्या गोष्टीत तो जाणूनबुजून केलेला आहे. कोणीतरी एक हक्क नाकारला. आणि नाकारलेला हक्क परत मागता येतो. न्यायाची दृष्टी त्या सिद्धांताच्या हाडात आहे, आत्या. ती काढलीस तर सिद्धांतच उरत नाही.

आत्या: हाडात आहे. म्हणूनच पुढचं बघ. त्यांचा मोठा आधार शांतिपर्वातला पैजवन राजाचा उल्लेख आहे. पैजवन शूद्र होता, असं तिथे म्हटलंय. ते काय करतात? निरनिराळ्या पोथ्यांतले पाठभेद वाचकापुढे मांडतात. काही पोथ्यांत ‘शूद्र’ हा शब्दच नाही, तेसुद्धा. जे पान त्यांच्या सिद्धांताला अडचणीचं, ते त्यांनी स्वतः उघडून दाखवलं आणि मग आपलं मत का टिकतं ते सांगितलं. पटो न पटो, खोडायची सामग्री त्यांनीच हातात दिली.

भाची: आणि तरी खोडणाऱ्यांनी काय म्हटलं? इतिहासकार रामशरण शर्मांनी शूद्रांवरच्या १९५८ च्या ग्रंथात लिहिलं की आंबेडकर भाषांतरांवर अवलंबून आहेत आणि शूद्रांचं मूळ उच्च ठरवण्याच्या ठाम हेतूनेच लिहितात. हेतू होता म्हणून शंका. वरच्या जातीच्या पंडिताचा हेतू असा कोणी हुंगतो का?

आत्या: शर्मा मार्क्सवादी. शूद्रांच्या बाजूचेच. म्हणून तर मला ते वादंग मोलाचं वाटतं. दोघे एकाच बाजूचे, आणि भांडण पुराव्यावर. शर्मांचं हेतूबद्दलचं वाक्य मी बाजूला ठेवीन, त्याने काही सिद्ध होत नाही. भाषांतराचा मुद्दा मात्र ठेवीन.

आत्याने केलेली ही निवड मला पटते, आणि माझा कल इथेच आहे. हेतू दाखवून कोणाचं म्हणणं पडत नाही, तसं हेतूच्या पवित्रपणाने कोणाचं तरतही नाही. मघाचा माझा प्रश्न होता की आत शिरलेलं मूल्य दृष्टी देतंय की झापड, हे कशावरून ओळखायचं. मला दोन खुणा दिसतात. चुका एकाच दिशेला झुकतात का, ही एक. लेखक आपल्याविरुद्ध जाणारा पाठ वाचकासमोर ठेवतो का, ही दुसरी. दोन्हींसाठी लेखकाने बाजू सोडण्याची गरज पडत नाही. पण त्या तपासायला मूळ कागद मात्र शाबूत लागतात. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, कपाटं फुटली, पोथ्या आणि कागद जमिनीवर आले. महाभारताची पाठचिकित्सा जिथे झाली ती ही संस्था. उपेक्षितांना पोथ्यांतले पाठभेद तपासायचे असतील तर ती कपाटं शाबूत राहण्यात सर्वांत मोठं हित त्यांचंच आहे, म्हणून त्या हल्ल्याचं दुःख मला आजही आहे.

भाची: ठीक. पण बाबासाहेबांनीच अस्पृश्यांवरच्या १९४८ च्या पुस्तकात आणखी एक वाट उघडली आहे. तिथेही ते इतिहासकाराला पंचासारखं बसायला सांगतात. आणि लगेच म्हणतात, जिथे साखळीचे दुवे सापडत नाहीत तिथे कल्पनेने दुवा जोडून काम चालवण्यापुरतं गृहीतक मांडायला हरकत नाही. ज्यांचं काही लिहूनच ठेवलं नाही त्यांचा इतिहास दुसरा कसा होणार? माझ्या चौथ्या प्रकरणात मला एका कुणबिणीचा दिवस लिहायचा आहे. तिची एक ओळ आहे कागदात. नाव आणि किंमत.

आत्या: लिही. पण वर ‘अनुमान’ असं स्पष्ट लिही.

भाची: राजवाड्यांनी लिहिलं होतं का ‘अनुमान’?

आत्या: नव्हतं लिहिलं. म्हणून आज त्यांच्या प्रस्तावना आपल्याला चाळून घ्याव्या लागतात. तुझं प्रकरण उद्या कोणी असं चाळावं, असं तुला वाटतं का?

भाची: नाही. लिहिते ‘अनुमान’. पण ही अट सगळ्यांना लावायची, फक्त माझ्यासारख्यांना नाही. सेनापतीच्या मनात काय होतं हे लिहिणाऱ्यालाही.

आत्या: त्यालाही. आता माझी शेवटची तक्रार. कुणबिणींच्या सुटकेचे जे कागद सापडले ते तू तळटीपेत ढकललेस.

भाची: कारण ते वाचून लोक म्हणतात, बघा, केवढे दयाळू होते.

आत्या: लोक काय म्हणतील म्हणून कागद तळटीपेत? मघाशी न उघडलेल्या रुमालांबद्दल कोण बोलत होतं?

भाची: सुटका देता येते तीसुद्धा ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्यालाच. म्हातारपणी, काम होईनासं झाल्यावर सोडलं, ही दया की खर्चाची बचत?

आत्या: हेच मुख्य मजकुरात लिही. कागद पूर्ण दे आणि खाली हा युक्तिवाद घाल. वाचणारा ठरवेल.

भाची: देते. पण मथळा ‘दया’ असा देणार नाही. ‘सुटकेच्या अटी’ असा देईन.

आत्या: अटी कागदात आहेत?

भाची: आहेत.

आत्या: मग दे.